बंदूक गावी येते तेव्हा

घर बदलताना माणसे काय काय विसरतात, याची यादी केली तर ती बरीच लांब होईल. रेशनकार्ड, मुलांचा शाळेचा दाखला, गॅसची नोंदणी, बँकेतला पत्ता— एक ना दोन! पण यांपैकी काही विसरले तर फार तर चार हेलपाटे पडतात. एक वस्तू मात्र अशी आहे की, तिची नोंद करायला विसरलेला सज्जन मनुष्य कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू शकतो. ती वस्तू म्हणजे घरातली परवान्याची बंदूक.

"आमच्या घरात कुठली बंदूक?" असे पुष्कळ वाचक म्हणतील, आणि ते खरेही आहे. परंतु ग्वाल्हेर, इंदूर, धार, बडोदे या बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून आजोबांची बारा बोअरची दुनळी अजून आढळते. लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ असतात. बँकेत सशस्त्र पहारेकऱ्याची नोकरी केलेले असतात. आयुष्याच्या उतारावर यांपैकी कित्येकांना मूळ गाव आठवते. जुन्नर-आंबेगावकडे तर ही ओढ जास्तच. शिवनेरीची सावली, कुकडी-घोडचे पाणी, पुण्याहून दोन-तीन तासांचा रस्ता. निवृत्त माणसाला याहून काय हवे? सामानाचा ट्रक भरतो, आणि गाद्यांच्या वळकटीबरोबर बंदूकही निघते.

समजा, असेच एक वृद्ध गृहस्थ इंदूरहून घोडेगावास येऊन राहिले आहेत. सून विचारते, "मामंजी, बंदुकीचं काय करायचं?" ते म्हणतात, "करायचं काय? परवाना आहे की माझ्याजवळ!" इथेच चूक होते. परवाना आहे हे खरे; पण त्यावर माणसाचे नाव असते तसा त्याचा पत्ता असतो, आणि तो कोणत्या क्षेत्रापुरता चालतो तेही लिहिलेले असते.

कागद आधी, बंदूक मागाहून

आपल्याकडे शस्त्रांचा कारभार १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी चालतो. कायदा साऱ्या देशाला एकच आहे. म्हणून राज्य बदलले की नवा परवाना काढावा लागतो, असे नाही. मात्र पुढील पायऱ्या चुकवून चालत नाही.

पहिली पायरी निघण्यापूर्वीची. परवान्यावरील क्षेत्र वाचावे. तो एका राज्यापुरताच असेल, तर महाराष्ट्रात बंदूक आणण्याची परवानगी जुन्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याकडूनच घ्यावी. ती मिळेपर्यंत बंदूक तेथल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेव म्हणून ठेवता येते. 'आधी नेऊ, मग बघू' हा विचार इथे महागात पडतो.

दुसरी पायरी पोहोचल्यावरची. बिऱ्हाड कायमचे बदलले, किंवा तीस दिवसांहून अधिक काळ दुसरीकडे राहण्यासाठी हत्यार बरोबर नेले, तर तीस दिवसांच्या आत दोघांना लेखी कळवावे लागते: नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला आणि ज्याने परवाना दिला वा शेवटचा नूतन केला त्याला. नव्या अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना व बंदूक दोन्ही हजर करावी लागतात. मग परवान्यावर नवा पत्ता चढतो. अर्जाची पोच घेऊन ती परवान्याबरोबर जपून ठेवावी.

हा अधिकारी कोण? पुणे शहरात पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळे आयुक्तालय आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे ग्रामीण भागात मोडतात, म्हणून तेथे जिल्हाधिकारी. याचा एक अर्थ असा की, कोथरूडचा फ्लॅट सोडून नारायणगावला राहायला गेलेल्या माणसाचे राज्य बदलले नाही, जिल्हाही बदलला नाही. तरी त्याचा परवाना अधिकारी बदलला! नोंद त्यालाही चुकत नाही.

वृद्ध धारकाला पुण्यापर्यंत जाणे झेपत नसेल आणि मुलगा बंदूक घेऊन जाणार असेल, तर धारकाची लेखी संमती मुलाजवळ हवी. नुसते "वडिलांची आहे" म्हणून भागत नाही.

शिवाय प्रत्येक परवान्याला आता देशव्यापी नोंदसंग्रहातला एक विशिष्ट क्रमांक लागतो. तो घेण्याची मुदत अनेकदा वाढवून झाली. तो क्रमांक नसलेले जुने परवाने आता वैध धरले जात नाहीत. तेव्हा जुनी वही उघडून तो क्रमांक आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

आजोबांची दुनळी

खरा घोळ होतो तो वारसाच्या बंदुकीत. आजोबा गेले, बंदूक भिंतीवर राहिली, आणि परवाना पेटीत. घरच्यांना वाटते, घर आपले तशी बंदूकही आपली. पण परवाना त्या माणसाबरोबर संपतो. त्यानंतर बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि मग वारसाने आपल्या नावाने अर्ज करावा. तीच बंदूक ट्रकमध्ये घालून दुसऱ्या राज्यात आणणे म्हणजे बिनपरवाना शस्त्र बाळगणेच. त्याला तुरुंगाची शिक्षा आहे.

वारसासाठी नियमांत वाट ठेवलेली आहे. धारकाच्या मृत्यूनंतर तर ती आहेच; पण धारकाचे वय सत्तर झाले, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, तर तो जिवंत असतानाही वारसाच्या नावे ती देता येते. वारस मात्र एकवीस वर्षांचा असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ दोनच बंदुका राहू शकतात. पूर्वी तीन चालत. ही मर्यादा वारशालाही लागू आहे. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली, एवढी सोय झाली.

जंगलाच्या कडेला

इथवर सांगितले ते कुठल्याही गावाला लागू पडेल. जुन्नर-आंबेगावात आणखी एक दार ठोठवावे लागते, ते वनखात्याचे.

आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरचे अभयारण्य आहे. ते १९८५ साली जाहीर झाले. जुन्नरच्या सीमेपलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडचे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आतल्या शस्त्रधारकांची वेगळी नोंद ठेवली आहे. त्या टापूत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर जुन्याचे नूतनीकरण करतानाही वनखात्याला कळवावे लागते. तेव्हा मंचरला घर बांधणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि आहुपे, तेरुंगण किंवा खिरेश्वरला बांधणाऱ्याची वेगळी. तिकडे जागा घेणाऱ्याने वनखात्याच्या कचेरीत आपण होऊन चौकशी केलेली बरी. लेखी परवानगीवाचून हत्यार घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणे तर सरळ गुन्हाच.

या डोंगरांना सरकारी बंदोबस्त नवा नाही. आंबेगावच्या जांभोरीचा होन्या केंगले १८७३ मध्ये सावकारशाहीविरुद्ध उठला. त्याला पकडण्यासाठी इंग्रज सरकारला वर्षानुवर्षे झुंजावे लागले. १८७८ मध्ये इंग्रजांचा शस्त्रांचा कायदा आला आणि परवान्याची पद्धत देशभर घट्ट झाली. तो कायदा परक्यांनी भीतीपोटी केलेला होता. आजचा आपला आहे, आणि त्यात सज्जनालाही नोंद करायला लावण्याचा हेतू शेजाऱ्याच्या सुरक्षिततेचा आहे.

बिबट्या आणि बंदूक

"पण तिकडे बिबटे आहेत, बंदूक नको का?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माणिकडोह, येडगाव, डिंभे या धरणांनी कोरडवाहू शिवारात ऊस आणला आणि उसाने बिबट्याला आसरा दिला. या भागात माणसे दगावली आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत. रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची भीती शहरातल्या खुर्चीवरून मोजता येणार नाही.

तरीही कायदा समजून घेतला पाहिजे. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मारले गेले तर तो गुन्हा नाही. पण 'दिसला म्हणून' किंवा 'शेळी नेली म्हणून' गोळी घालणे हा गुन्हाच. शेतीच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, ती पिकासाठी. बिबट्याच्या शिकारीसाठी नव्हे. आणि अंधारात, उसाच्या कडेला, घाबरलेल्या हातातून सुटलेली गोळी कुणाला लागेल याचा नेम नाही. जखमी बिबट्या तर अधिकच घातक. घरालगतचे गवत काढणे, अंगणात दिवा, गोठ्याला भक्कम दार, मुलांना संध्याकाळी एकटे न सोडणे, आणि बिबट्या दिसताच वनखात्याला खबर— हे उपाय साधे आहेत, पण बंदुकीहून जास्त उपयोगी पडतात.

शेवटी एवढेच

बंदूक घरात ठेवायचीच तर ती रिकामी, कुलूपबंद, आणि काडतुसे वेगळ्या जागी ठेवावी. निवडणुकीच्या दिवसांत पोलिसांनी जमा करायला सांगितली तर निमूटपणे जमा करून पावती घ्यावी. परवान्याची मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

आणि एक प्रश्न घरातल्या सर्वांनी बसून स्वतःला विचारावा: ही बंदूक आपल्याला खरोखर हवी आहे का? पुष्कळ घरांत तिचा उपयोग आठवणीपुरताच उरलेला असतो. तसे असेल तर ती रीतसर विकता येते वा जमा करता येते, आणि आजोबांची आठवण त्यांच्या एखाद्या छायाचित्रातही तितकीच सुखाने राहते. हवीच असेल, तर ती उजळ माथ्याने बाळगावी. तीस दिवसांतला एक अर्ज आणि पुण्याची एक-दोन फेरी, एवढीच त्याची किंमत. म्हातारपणी मूळ गावी सुखाने राहायला गेलेल्या माणसाच्या दारात पोलीस उभा राहण्यापेक्षा ती किंमत फारच थोडी आहे.