शिकाऱ्याचा नकाशा : कागद, शाई आणि हद्द

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना आदी राज्यांत एल्क या थोराड हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात आणि राज्याच्या वन्यजीव खात्याने आखून दिलेल्या विभागातच करता येते. या शिकारीच्या तयारीत एका घरगुती कारागिरीला आता चांगलेच स्थान मिळाले आहे. ती कारागिरी म्हणजे आपल्या विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा संगणकावर स्वतः जुळवून तो पाण्याने न बिघडणाऱ्या कागदावर छापून घेणे. फोनवरील नकाशे अचूक असले, तरी कडाक्याच्या थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि एवढ्याशा पडद्यावर एका वेळी संपूर्ण खोरे वाचता येत नाही, म्हणून कागदाची गरज संपलेली नाही. मात्र या कारागिरीत पाण्याचा प्रश्न सर्वांत सोपा असून प्रमाण आणि हद्द यांचे प्रश्न अवघड आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

या नकाशांचे मूळ अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण या १८७९ साली स्थापन झालेल्या संस्थेत आहे. ग्रँड कॅन्यनमधून होड्यांची मोहीम नेणारा, यादवी युद्धात एक हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल हा तिचा दुसरा संचालक होता आणि त्याच्याच आग्रहामुळे १८८४ पासून देशाचे पद्धतशीर स्थलनिर्देशक नकाशांकन सुरू झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हाती घेतलेली १:२४,००० प्रमाणाची मालिका १९९२ च्या सुमारास पुरी झाली. अलास्का आणि हवाई वगळता उरलेला देश तिने पंचावन्न हजारांहून अधिक पत्रकांत बसवला. अक्षांश आणि रेखांशाची प्रत्येकी साडेसात मिनिटे व्यापणाऱ्या या पत्रकाला शिकारी ‘क्वाड’ म्हणतात. त्यावरील एक इंच म्हणजे जमिनीवरील दोन हजार फूट, आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषांवरून खिंड कुठे, माची कुठे आणि हरणे दुपारी विसाव्याला बसतील असा झाडीतला उतार कुठे, याचा अंदाज सरावलेल्या माणसाला घरबसल्या बांधता येतो. नेमके हवे असलेले खोरे चार पत्रकांच्या सांध्यावर यावे, ही या मालिकेविषयीची जुनी कुरकुर होती. अमेरिकी संघशासनाने तयार केलेल्या साहित्यावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो आणि २००९ पासून नव्या मालिकेतील पत्रके संगणकीय स्वरूपात विनामूल्य मिळू लागली, त्यामुळे सांधा जोडून हवा तेवढाच तुकडा कापून घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

पहिली चूक येथेच संभवते. साडेआठ बाय अकरा इंचांच्या तेथील नेहमीच्या कागदावर या प्रमाणात जेमतेम सव्वातीन बाय सव्वाचार मैलांचा प्रदेश मावतो, तोही समास न सोडता. त्याहून मोठा तुकडा घेतला आणि छपाईयंत्राला तो पानात बसवण्याची मुभा दिली, की चित्र आकसते, पण त्यावरील १:२४,००० हा आकडा तसाच राहतो. मग अंतरे सर्वत्र सारखीच चुकतात आणि डोळ्यांना काहीही खटकत नाही. त्यामुळे नकाशावर रेषीय प्रमाण, म्हणजे अंतराची आखलेली पट्टी, ठेवणे आणि छापल्यावर ती फूटपट्टीने मोजणे आवश्यक ठरते. या प्रमाणात एक मैल ६७ मिलिमीटर भरला पाहिजे.

कागद आणि शाई यांचा विचार जोडीनेच करावा लागतो. शाईफवारा पद्धतीच्या अनेक घरगुती यंत्रांत पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई असते आणि ती पहिल्या सरीतच पसरते. याउलट रंगद्रव्याचे न विरघळणारे सूक्ष्म कण असलेली शाई कागदाला धरून राहते. लेझर यंत्रातील टोनर ही मुळात प्लॅस्टिकची भुकटी असून ती उष्णतेने कागदावर वितळवली जाते, त्यामुळे ती पाण्याला दाद देत नाही, मात्र साधा कागद भिजून फाटतो. यावर उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम कागदांपैकी पॉलिप्रोपिलीनचा कागद सुमारे १६० अंश सेल्सियसला वितळतो, तर पॉलिएस्टर जवळपास २५० अंशांपर्यंत टिकते. लेझर यंत्रातील तापते रूळ लक्षात घेता, त्या यंत्रासाठी बनवलेला नसलेला कागद त्यात घालणे म्हणजे यंत्र गमावणे. लाकडाच्या लगद्याच्याच कागदावर जलरोधक लेप देण्याची वाट वॉशिंग्टन राज्यातील लाकूडतोड व्यवसायासाठी १९१६ साली निघाली आणि ‘राइट इन द रेन’ या नावाने तो कागद आजही विकला जातो. नकाशावर प्लॅस्टिकचे आवरण चढवणे स्वस्त पडते, पण ते उन्हात चकाकते, घडीवर तडकते आणि कडेने एकदा पाणी शिरले की आतला कागद वाळत नाही. स्वच्छ सांगायचे तर ती काटकसर फसवी आहे.

होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जेवढी ढळते, त्या चुंबकीय दिक्पाताचीही नोंद पत्रकावर हवी. कोलोरॅडोत तो सुमारे आठ अंश पूर्वेकडे आहे आणि तो विसरल्यास किलोमीटरभर चालीत माणूस १४० मीटर बाजूला जातो.

हद्दीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १७८५ च्या अध्यादेशापासून पश्चिमेची जमीन एक मैल लांबी-रुंदीच्या चौकोनांत मोजली गेली आणि १८६२ च्या रेल्वे कायद्याने मार्गालगतचे एकाआड एक चौकोन रेल्वे कंपन्यांना दिले गेले. त्यातून खासगी आणि सरकारी जमिनींचा बुद्धिबळाचा पट तयार झाला. दोन सरकारी चौकोन केवळ कोपऱ्याला भिडत असतील, तर तो कोपरा ओलांडणे हे अतिक्रमण आहे काय, हा वाद वायोमिंगमधील एल्क माउंटन येथे २०२१ साली पेटला. तेथे चार शिकाऱ्यांनी खासगी जमिनीवर पाऊल न टेकता शिडीवरून कोपरा पार केला होता. फौजदारी खटल्यात ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. जमीनमालकाच्या दिवाणी दाव्यातही दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०२५ मध्ये, सार्वजनिक जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणाऱ्या १८८५ च्या कायद्याच्या आधारे, त्यांच्याच बाजूने निकाल दिला. मोंटाना त्या परिमंडळात येत नसल्याने तेथे हा निकाल बंधनकारक नाही.

अशा कोपऱ्यावर छापील नकाशाची मर्यादा उघड होते. १:२४,००० प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर १२ मीटर रुंदीची होते. या पत्रकांसाठीचा अचूकतेचा अधिकृत निकषही स्पष्ट बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू ४० फुटांच्या आत असावेत एवढाच आहे, आणि ४० फूट म्हणजेही सुमारे १२ मीटरच. कोपरा हा तर केवळ एक बिंदू असतो. नकाशा त्याच्या आसपास नेऊन सोडतो, पण पाऊल कोठे टाकायचे याचा निर्णय जमिनीत रोवलेली मोजणीची खूण शोधूनच करावा लागतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली असल्यामुळे या कारागिरीचा उपयोग येथे गिरिभ्रमण करणारे, वन्यजीव अभ्यासक आणि डोंगरात शोध व बचावकार्य करणारी पथके यांनाच आहे. सह्याद्रीच्या पावसात जलरोधक कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची पत्रके दीर्घकाळ निर्बंधांत होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ती काहीशी खुली केली आणि २०१७ पासून नागरिकांना विभागाच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेता येऊ लागली. महाराष्ट्रात चुंबकीय दिक्पात एका अंशाच्या आतच असल्याने ती एक कटकट वाचते. तथापि या पत्रकांवर दोन समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः २० मीटर असते, म्हणजे दहा-पंधरा मीटरांचा सरळसोट कडा त्यांत न दिसता राहू शकतो. असे पत्रक घरी छापणाऱ्याने निघण्यापूर्वी त्यावरील एक किलोमीटरची पट्टी बरोबर दोन सेंटीमीटर भरते का, हे मोजून पाहावे आणि न भरल्यास तो कागद रद्दीत टाकावा.