कोशिंबिरीच्या भाज्यांची मांडणी

काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा, कोथिंबीर, लेट्यूस या भाज्या बहुधा कच्च्याच पानात येतात. मऊ पडलेला टोमॅटो सारात खपून जातो, कोशिंबिरीत खपत नाही. त्यामुळे किराणा दुकानाच्या किंवा सुपरमार्केटच्या भाजी विभागात या भाज्यांची मांडणी म्हणजे आधी त्यांच्यातले पाणी राखणे आणि मग त्यांचा तजेला गिऱ्हाइकाला दाखवणे.

काकडी आणि लेट्यूस यांच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते. खुडल्यावरही भाजीचे श्वसन चालूच राहते आणि पाणी उडत राहते; मुळांकडून होणारी भरपाई मात्र थांबलेली असते. गाजराला पाला असला की ते ताजे दिसते, पण तोच पाला गाजरातले पाणी ओढून घेतो. म्हणून पाल्यासकटची गाजरे थोडीच आणि लवकर विकली जातील एवढीच मांडावीत.

सगळ्या भाज्यांना सारखा गारवा मानवत नाही. लेट्यूस, मुळा, गाजर आणि कोथिंबीर शून्य अंशाच्या जवळपास उत्तम टिकतात. काकडी १० अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ राहिली तर तिच्यावर खड्डे आणि पाणचट डाग पडतात. अशा गारव्यात टोमॅटोची चव आणि वासही उतरतो. पालेभाजी थंड कपाटात आणि टोमॅटो बाहेरच्या टोपलीत ठेवण्याचे कारण हेच. पिकणारे टोमॅटो, केळी आणि सफरचंदे इथिलीन वायू सोडतात. त्याने काकडी पिवळी पडते आणि लेट्यूसच्या पानांवर तपकिरी ठिपके येतात; त्यामुळे हे शेजार टाळावे लागतात.

माल आला की मांडणीआधी तो निवडला जातो. लेट्यूसच्या गड्ड्याचा बुडखा काळपट झालेला असतो. त्याची पातळ चकती कापून, बाहेरची फाटकी पाने काढून गड्डा काही मिनिटे साध्या किंवा कोमट पाण्यात ठेवतात, निथळतात आणि शीतकपाटात घालतात. काही तासांत मलूल पाने पुन्हा कुरकुरीत होतात. मंडईतला भाजीवाला कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओले गोणपाट टाकतो, त्यामागेही हाच हिशेब असतो. मोठ्या दुकानांत हे काम बारीक फवारे करतात. ती यंत्रे स्वच्छ ठेवणे मात्र अत्यावश्यक आहे: १९८९ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील बोगालुसा येथे अशाच एका दुकानातल्या फवारा यंत्रातून लीजिओनेअर्स या न्यूमोनियाची साथ पसरली होती. कांदे आणि मशरूम यांना फवारा लागू देत नाहीत. ओलाव्याने ते लवकर सडतात.

मग येतो रंग. हिरव्याशेजारी हिरवे ठेवले की सगळा कप्पा एकसारखा दिसतो. काकडी आणि कोथिंबीर यांच्यामध्ये टोमॅटोचा लाल किंवा मुळ्याचा पांढरा पट्टा आला की प्रत्येक भाजी वेगळी उठून दिसते. ढीग भरगच्च दिसावा, पण खोल नसावा. टोमॅटोचे थर वाढले की खालचे दबतात; टोपलीला तिरके फळकूट किंवा उथळ तळ दिला की थोडा मालही भरपूर वाटतो.

कोशिंबीर करणाऱ्याला एकच भाजी पुरत नाही. काकडीजवळ लिंबू, हिरवी मिरची आणि दाण्याच्या कुटाची पाकिटे ठेवली की गिऱ्हाईक सगळेच उचलते. लेट्यूस, ब्रोकोली, झुकिनी यांसारख्या, बाजारात ‘एक्झॉटिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाज्यांपाशी भावासोबत वापराचीही ओळ लिहावी: कच्ची खावी की वाफवून, आणि कशाबरोबर. अनोळखी भाजी न घेण्याचे कारण पुष्कळदा भाव नसून, तिचे करायचे काय हा प्रश्न असतो. चिरलेल्या भाज्यांच्या डब्यांना वेगळी शिस्त लागते. काप दिलेल्या भाजीतून पाणी झिरपते आणि जंतूंना वाव मिळतो, म्हणून त्या सतत थंड ठेवाव्या लागतात.

मांडणी सकाळी एकदा करून संपत नाही. नवा माल मागे किंवा खाली आणि जुना पुढे, हा नियम पाळत दिवसातून अनेकदा कप्पा चाळावा लागतो. एक सडका टोमॅटो शेजारच्यांना बाधतो आणि एक पिवळे पान सगळी जुडी शिळी ठरवते. संध्याकाळी उरलेला पण खाण्याजोगा माल वेगळ्या टोपलीत उतरत्या भावाने विकतात. ताज्या ढिगात तो मिसळला, तर ताज्याचाही भाव पडतो.