न घेतलेल्या कर्जाची नोंद कशी खोडायची?

पुण्याहून पौडला निघालं की भूगावनंतर भुकूम लागतं. गावठाणाच्या भोवतीनं गृहसंकुलं उभी राहिली, तशी गृहकर्जाची प्रकरणंही वाढली. प्रकरण बँकेत गेलं की अधिकारी आधी सिबिल काढतो. ‘एक खातं थकलंय तुमचं,’ असं तो म्हणाला आणि ते खातं आपण कधी उघडलंच नसेल, तर पुढं काय करायचं, ते इथं टप्प्याटप्प्यानं पाहू.

असं होऊ शकतं, हे फेब्रुवारी 2022 मध्ये देशभर दिसलं. ‘धनी’ या ॲपवरून आपल्या पॅनवर परस्पर कर्ज उचललं गेल्याच्या तक्रारी अनेकांनी समाजमाध्यमांवर मांडल्या. अभिनेत्री सनी लिओनी हिचीही तक्रार होती, कर्ज होतं 2,000 रुपयांचं. रक्कम छोटी असते, म्हणून कुणी लक्ष घालत नाही. भाडेकराराला, सिमकार्डाला, नोकरीच्या अर्जाला आपण पॅन-आधारची झेरॉक्स देत असतो. ती कुणाच्या हाती लागते, कळत नाही. अर्जावर मोबाइल नंबर भामट्याचा असला, की हप्ता थकल्याचे मेसेजही त्यालाच जातात.

आधी अहवाल वाचा

सिबिल ही एकच कंपनी नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. बँका आणि वित्तकंपन्यांना चौघींकडेही माहिती द्यावी लागते, म्हणून खोटं खातं चारही अहवालांत असू शकतं. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

अनोळखी नाव दिसलं की लगेच फसवणूक समजू नका. हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचं कर्ज दुकानाच्या नव्हे, वित्तकंपनीच्या नावावर दिसतं. थकीत कर्ज बँकेनं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल, तर तिचं नाव येतं. चुलतभावाच्या टेम्पोला जामीन राहिला असाल, तर ते खातंही तुमच्या अहवालात असतं. हे सगळं तपासून झाल्यावरही खातं परकंच वाटलं, तर अहवालातले पत्ते, फोन नंबर आणि चौकशांची यादी बघा. तुमचा नसलेला नंबर, तुम्ही कधी न राहिलेला पत्ता, त्याच सुमाराला झालेली चौकशी हे तुमचे पहिले पुरावे.

पैसे भरून मोकळे होऊ नका

वसुलीवाला म्हणेल, ‘दोन हजारच आहेत, भरून टाका, नाव निघेल.’ भरू नका. पैसे भरले की कर्ज मान्य केल्यासारखं होतं, आणि तडजोड केली तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढची बँक त्या शेऱ्याकडेही संशयानंच बघते. वसुलीवाल्याकडून कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव, खातेक्रमांक आणि त्याचं अधिकारपत्र मागा. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

पोलिसांकडची पोच

भुकूमकरांना बावधन पोलीस ठाणं आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा 1930 या क्रमांकावरही तक्रार देता येते. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी खाली गुन्हा आहे. तक्रारीची पोच जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जाला ती जोडायची आहे.

दोन अर्ज, एकाच दिवशी

इथं बरेच जण अडकतात. सिबिल ही फक्त नोंदवही सांभाळणारी कंपनी आहे. कर्ज देणाऱ्यानं होकार दिल्याशिवाय तिला नोंद बदलता येत नाही. म्हणून एक अर्ज पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन करा आणि त्याच दिवशी दुसरा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा.

‘हे कर्ज माझं नाही’ एवढ्यावर दुसरा अर्ज संपवू नका. कर्जाचा करार, केवायसीची कागदपत्रं, ओटीपी गेलेला मोबाइल नंबर आणि रक्कम जमा झालेला बँक खातेक्रमांक मागा. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार. डिजिटल कर्जाची रक्कम, काही ठरावीक अपवाद सोडले तर, थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवी, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये बजावलं आहे. पैसे भलत्याच्या खात्यात गेले असतील, तर ते तुम्ही घेतले कसे, याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल. नोंद चारही कंपन्यांकडून काढावी, असंही अर्जात स्पष्ट लिहा.

तीस दिवसांचा हिशेब

तक्रार नोंदवल्यापासून 30 दिवसांत ती निकाली निघायला हवी. दुरुस्तीची माहिती पाठवायला कर्ज देणाऱ्याला त्यातले 21 दिवस मिळतात. मुदत उलटली तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. उशीर कर्ज देणाऱ्याचा असेल तर तो देतो, पतमाहिती कंपनीचा असेल तर ती. म्हणून तक्रार फक्त फोनवर करू नये. तारीख आणि तक्रार क्रमांक नसेल, तर दिवस मोजायचे कुठून? तक्रार फेटाळली, तर कारण कळवणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

नोंद निघाल्यावर

कर्ज देणाऱ्याकडून खातं तुमचं नसल्याचं लेखी पत्र घ्या. चारही अहवाल पुन्हा तपासा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत, तेही बघा. पुढं चारही फुकट अहवाल एकाच दिवशी काढू नका. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा काढलात, तर एक रुपयाही न घालवता वर्षभर नजर राहते आणि नवं खोटं खातं गृहकर्जाच्या टेबलावर पोचण्याआधीच हाती लागतं.