पाहुण्यांपुढे झुकलेला महाराजा

एअर इंडियाचे बोधचिन्ह असलेल्या महाराजाचा जन्म १९४६चा. कंपनीतल्या बॉबी कूका यांची कल्पना, जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेतल्या उमेश राव यांचे रेखाटन. सुरुवातीला तो विमानातल्या टिपणवहीपुरताच होता. भरघोस मिशा, लांब नाक, पगडी, आणि कमरेत वाकून केलेले स्वागत! साक्षात राजाच प्रवाशापुढे झुकतो, यातच सारी किमया आहे. ८ जून १९४८ला मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला कंपनीचे पहिले विमान निघाले. परक्या शहरांतल्या तिकीट कार्यालयांत हाच यजमान भेटू लागला.

हे आतिथ्य चित्रापुरते राहिले नाही. १९५६पासून कंपनीने बी. प्रभांसारख्या चित्रकारांची चित्रे विकत घेऊन कार्यालयांच्या भिंती सजवल्या. १९६७मध्ये स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने खास प्रवाशांना भेट देण्यासाठी रक्षापात्र घडवले: शिंपल्याचा आकार, कडेने वेटोळे घातलेला साप, खाली हंस आणि हत्तींचे टेकू. हत्ती उलटा धरला की हंस दिसतो! मोबदल्यात दालीने हत्तीचे पिल्लू मागितले आणि ते बंगळूरहून जिनिव्हाला विमानाने गेलेही. इतक्या मोकळ्या मनाने कलावंताला वागवणारी कंपनी आज शोधावी लागेल.