'तुम्ही सोयीचे आहात का?'

एखाद्या चिनी मुलीनं आपल्या इंग्रज प्राध्यापकांना अगदी अदबीनं विचारावं, "आर यू कन्व्हीनियंट टुमॉरो?" आणि त्यांनी चमकून बघावं! तिला म्हणायचं असतं, उद्या आपल्याला वेळ आहे ना? ऐकणाऱ्याला वाटतं, ही मलाच 'सोयीचा' म्हणतेय. चिनी बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवताना ही चूक हटकून भेटते, आणि ती येते त्यांच्या घरच्या रीतिभातीतून.

चिनी शब्द आहे 'फांगब्येन'. शब्दकोशात त्याच्यापुढे 'कन्व्हीनियंट' छापून मोकळे होतात. पण त्या शब्दाचा संसार केवढा मोठा! 'तुम्ही केव्हा फांगब्येन?' हे विचारणं तिकडे सभ्यपणाचं. झटपट नूडल्स म्हणजे फांगब्येन-म्येन. हाताशी फांगब्येन नाही, म्हणजे पैशाची चणचण. आणि चारचौघांतून उठताना कुणी 'जरा फांगब्येन करून येतो' म्हणालं, तर कुठं निघालात हे विचारायचं नसतं बरं का! मुळाशी गेलं तर शब्द आपल्या ओळखीचा निघतो. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरात संस्कृत 'उपाय'साठी हाच शब्द आहे. कुमारजीवानं इ. स. 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र चिनीत आणलं, त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाच्या नावातच तो आहे. ऐकणाऱ्याला झेपेल अशा बेतानं सांगणं, हा तिथला उपाय.

इंग्रजीत मात्र कन्व्हीनियंट असते ती वेळ, जागा, वस्तू, माणूस नव्हे. माणसाला 'फॉर यू' करून मागं बसवायचं: "इज टुमॉरो कन्व्हीनियंट फॉर यू?" मराठी मुलींना हे चटकन उमगतं, कारण आपणही 'तुम्हाला सोयीचं आहे का' असंच म्हणतो. (आणि 'सोयीची सून' म्हटलं की काय अर्थ होतो, ते मैत्रिणींना सांगायला नकोच!)

निबंधात आणखी एक वाक्य सापडतं: 'द ट्रॅफिक इज कन्व्हीनियंट.' चिनी 'च्याओथुंग'मध्ये रहदारीही आली आणि जाण्यायेण्याची सोयही. इंग्रजी ट्रॅफिक म्हणजे नुसती वाहनांची वर्दळ. ती कुणाच्या सोयीची? तिथं 'इट इज ईझी टु गेट देअर' म्हणावं.

माझ्या मते असा शब्द सुटा पाठ करायला देऊच नये, अख्खं वाक्य द्यावं. मुलीला आधी सांगावं, तुझी अदब बरोबर आहे, फक्त वाक्याचा कर्ता बदल. मग दोघीदोघींना फोनवर डॉक्टरांची वेळ ठरवायला बसवावं. सोमवार नाही, मंगळवार नाही, मग बुधवार? चार-पाचदा वेळ बदलून विचारावी लागली, की 'आर यू' आपोआप गळून पडतं.