नकाशातला हिरवा सगळ्यांना दिसतो का?

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा २०१३ साली आलेला संगणकीय खेळ म्हणजे नकाशावरच चालणारा राज्यकारभार. बटण दाबताच तोच नकाशा कधी धर्माचा होतो, कधी व्यापाराचा, कधी भूरचनेचा. राजनैतिक नकाशात आपले राज्य हिरवे, युद्धातला शत्रू लाल.

इथेच काही खेळाडू अडतात. डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांपैकी लाल किंवा हिरव्या प्रकाशाशी संबंधित पेशींत जन्मतः दोष असला, तर हे दोन रंग मातकट, सारखेच भासतात. याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुरुषांकडे ते गुणसूत्र एकच. म्हणून उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का. एरवी नजर चांगली असते, त्यामुळे इशिहारा चाचणी होईपर्यंत अनेकांना दोषाचा पत्ताच नसतो. हरलेला डाव बिचारे आपल्या बुद्धीच्या खाती मांडतात!

यावर औषध नाही. नकाशा आखणाऱ्याला मात्र बरेच करता येते. याच खेळात शत्रूने व्यापलेल्या प्रांतावर तिरपे पट्टे उमटतात. पट्टे ओळखायला फिकट-गडद एवढा फरक पुरतो. लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी ही जोडीही बहुतेकांना वेगळी कळते.

मुलगा रंगांत वारंवार गफलत करत असेल, तर रागावण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टी तपासून घ्यावी. त्याला रेल्वेचालक किंवा वैमानिक व्हायचे असेल, तर दहावीच्या आधीच.