एकाच समुद्राकाठची दोन टोकं

इराणच्या उत्तरेला कॅस्पियन समुद्राच्या काठाने पूर्वेकडे निघालं, की गिलानची भातखाचरं आणि चहाचे मळे मागे पडतात, पाऊस आटत जातो आणि शेवटी तुर्कमेन लोकांचा कोरडा गवताळ मुलूख लागतो. अंतर काहीशे किलोमीटरचं. पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या कर्करोगांची नोंद झाली, तेव्हा संशोधक चक्रावले. पूर्वेच्या गोंबद भागात अन्ननलिकेचा कर्करोग वर्षाला लाखामागे शंभराहून अधिक जणांना होत होता. गिलानात कितीतरी पटींनी कमी. त्यात गोंबदमध्ये बायकांना पुरुषांपेक्षाही जास्त! या रोगात तंबाखू आणि दारूकडे पहिलं बोट दाखवलं जातं, पण इथल्या बायका दोन्हींपासून लांब.

मग नजर गेली चहाकडे. लोक दिवसाला लिटरभर, तोही कढत पिणारे. पण ‘कढत’ मोजायचं कसं? जो तो आपल्या चहाला गरमच म्हणणार. गोंबद ज्यात येतं त्या गोलेस्तान प्रांतातल्या अभ्यासकांची युक्ती मला फार आवडते. एकाच किटलीतून दोन कप भरायचे, एकात तापमापी ठेवायची. आकडा ७५ अंशांवर आला की दुसऱ्या कपातला घोट घ्यायला सांगायचं: रोज एवढाच गरम पिता का? नाही म्हटलं तर पाच अंश उतरू द्यायचे आणि पुन्हा तोच प्रश्न. २००९ साली निष्कर्ष आला: कोमट किंवा बेताचा गरम चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत अतिशय कढत पिणाऱ्यांना धोका सुमारे आठपट. (बशीत ओतून फुरके मारणाऱ्या आपल्या आजोबांना आपण उगाच हसलो.) दोष चहाचा नव्हे, उष्णतेचा.

आरोपी एकटा नाहीच. तिथे अफू ओढतात, खातातही. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती कर्करोगकारक ठरवली. शिवाय पडलेले दात, ताटात फळं-भाज्यांची वानवा. आज गोलेस्तानातलं प्रमाण तेव्हाच्या निम्म्याहून खाली आलं आहे.

आणि आता दुसऱ्या टोकाला, गिलानच्या पश्चिमेला पलीकडे, अर्दबील प्रांतात चला. तिथे जठराचा कर्करोग पुढे येतो, त्यातही अन्ननलिका जिथे जठराला मिळते नेमका त्या तोंडाशी. बहुतेक प्रौढांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडतो खरा. पण एरवी त्याचं नाव जठराच्या खालच्या भागातल्या कर्करोगाशी जोडलं जातं, त्यामुळे वरच्या तोंडाचं कोडं एवढ्याने पुरतं सुटत नाही.